‘मी’ बोलतोय, पण बाकीचे कुठे गेले?

‘मी नथुराम गोडसे बोलतोय’. प्रदीप दळवींच्या या नाटकाचं शीर्षक महाराष्ट्रात नाटक न पाहिलेल्यांनाही पाठ आहे. १९९८ साली राज्य सरकारनं प्रयोग थांबवले, २००१ साली मुंबई उच्च न्यायालयानं बंदी उठवली आणि पुढे कित्येक वर्षं शरद पोंक्षे ही भूमिका करत राहिले. आता नाट्यगृहात जायचीही गरज उरलेली नाही. भाषणाचे तुकडे फोनवर आपोआप येऊन पडतात, मागे तबला-तुताऱ्या लावलेले, खाली ‘हे तुम्हाला शाळेत शिकवलं नाही’ असं लिहिलेले. तीस जानेवारीच्या आसपास तर फारच.

या नाटकावरचा वाद नेहमी एकाच प्रश्नाभोवती फिरतो: खुन्याला व्यासपीठ द्यावं की नाही? माझं उत्तर ‘द्यावं’ असं आहे. खुन्याला बोलू देणारं चांगलं नाटक असू शकतं, जगात आहेतही. त्यामुळे बंदीचा मुद्दा बाजूला ठेवतो. मला अडचण वाटते ती शीर्षकातल्या पहिल्या शब्दाची. ‘मी’. कारण गांधीहत्येचा खटला ज्या गोष्टीवर उभा होता, ती नेमकी ‘मी’ नव्हती, ‘आम्ही’ होती.

आधी एक फेरी डॅलसला मारून येऊ. कारण नेत्याचा खून आणि त्याभोवतीच्या थिअऱ्या म्हटलं की जगाला पहिल्यांदा केनेडी आठवतो. २२ नोव्हेंबर १९६३ ला खून, १९६४ साली वॉरन आयोगाचा ८८८ पानांचा अहवाल, निष्कर्ष एका ओळीत: ली हार्वे ओसवाल्ड एकटाच होता. लोकांना ते पटलं नाही. एवढा मोठा माणूस, आणि मारणारा हा फाटका पोरगा? मग सीआयए आली, माफिया आला, क्यूबा आला, गवताळ टेकाडावरचा दुसरा बंदूकवाला आला. ऑलिव्हर स्टोननं १९९१ मध्ये ‘जेएफके’ काढला. त्याचा नायक जिम गॅरिसन या सरकारी वकिलानं प्रत्यक्षात क्ले शॉ नावाच्या माणसावर खटला भरला होता आणि ज्यूरीनं तासाभराच्या आत शॉला निर्दोष सोडलं होतं. स्टोननं या हरलेल्या खटल्यातून तीन तासांचा थरार उभा केला. (गंमत म्हणजे खऱ्या गॅरिसननं त्यात छोटी भूमिका केली आहे. कोणाची? न्यायमूर्ती वॉरनची!) सिनेमा इतका गाजला की १९९२ साली अमेरिकी काँग्रेसला जुनी कागदपत्रं खुली करण्याचा कायदा करावा लागला.

म्हणजे तिथं सरकार म्हणालं ‘एक’ आणि जनता म्हणाली ‘अनेक’. कटाच्या थिअरीचं हे नेहमीचं रूप. आपल्याकडे उलटं झालं. न्यायालयानं पुराव्यानिशी सांगितलं की हा कट होता, इतके जण होते, हे त्यांचे तिकीट, हे त्यांचे हॉटेल. आणि आपण म्हणालो: नाही, एकच होता. बाकी कोणी आठवतंय का, विचारून पाहा. आपटेपर्यंत काही जण पोचतात. पुढे शांतता.

तर आधी माणसं मोजू.

२० जानेवारी १९४८ च्या संध्याकाळी दिल्लीतल्या बिर्ला भवनात प्रार्थनेच्या वेळी सात जण हजर होते. नथुराम गोडसे आणि नारायण आपटे, पुण्याच्या ‘अग्रणी’ (सरकारी कारवाईनंतर नाव बदलून ‘हिंदुराष्ट्र’) या दैनिकाचे अनुक्रमे संपादक आणि व्यवस्थापक. विष्णू करकरे, अहमदनगरला लॉज चालवणारा. मदनलाल पाहवा, पंजाबातून उखडला जाऊन नगरला पोचलेला निर्वासित. गोपाळ गोडसे, नथुरामचा धाकटा भाऊ, खडकीच्या लष्करी डेपोत नोकरीला. दिगंबर बडगे, पुण्यात शस्त्रांचं दुकान चालवणारा. आणि बडगेचा नोकर शंकर किस्तय्या. त्या दिवशी मदनलालनं गनकॉटनचा स्फोट घडवला. ठरलं असं होतं की गोंधळ उडताच मागच्या नोकरांच्या खोलीतून बडगेनं गोळी झाडायची. आयत्या वेळी त्या खोलीत आपण अडकून पडू अशी बडगेला भीती वाटली आणि तो आत गेलाच नाही. मदनलाल पकडला गेला, बाकी सहा जण पळाले. दहा दिवसांनी नथुराम परतला. एकटा नाही. आपटे आणि करकरे त्याच्याबरोबर दिल्लीत होते. स्टेशनवरच्या विश्रांतिगृहातली खोली ‘एन. विनायकराव’ या नावानं घेतली होती.

हे सगळं लाल किल्ल्यातल्या विशेष न्यायालयात न्या. आत्माचरण यांच्यासमोर आलं. सरकारतर्फे १४९ साक्षीदार तपासले गेले. बडगे माफीचा साक्षीदार झाला. १० फेब्रुवारी १९४९ ला निकाल लागला: आठ आरोपींपैकी नथुराम आणि आपटेला फाशी, पाच जणांना जन्मठेप, सावरकर निर्दोष. अपिलात पूर्व पंजाब उच्च न्यायालयानं शंकर आणि ग्वाल्हेरचे डॉ. परचुरे यांना सोडलं, बाकीच्यांची शिक्षा कायम केली. १५ नोव्हेंबर १९४९ ला अंबाल्याच्या तुरुंगात दोघांना फाशी झाली. दोघांना. ‘हुतात्मा’ म्हणणारे आणि ‘माथेफिरू’ म्हणणारे, दोन्ही गट आपटेला त्या दोरावरून सोयीनं उतरवतात.

आता या लेखातला माझा मुख्य मुद्दा. ‘एकटा’ ही गोष्ट कुठून आली? इतिहासकारांकडून नाही, पोलिसांकडूनही नाही. ती आरोपीच्या बचावातून आली. ८ नोव्हेंबर १९४८ ला नथुरामनं न्यायालयात जे लांबलचक निवेदन वाचलं, त्यात त्यानं गोळ्या झाडल्याचं नाकारलं नाही. नाकारला तो कट. पुढे सिमल्याला उच्च न्यायालयात त्यानं वकील न घेता स्वतः युक्तिवाद केला. अपील कशाविरुद्ध होतं? खुनाबद्दलच्या शिक्षेविरुद्ध नव्हतंच. कट झाला होता या निष्कर्षाविरुद्ध होतं. फासावर जाणं त्याला मान्य होतं, पण बरोबर कोणी होतं हे मान्य नव्हतं. कारण उघड आहे. त्याच्या ‘मी’मुळे आपटे वाचला असता, करकरे वाचला असता, भाऊ सुटला असता.

खंडपीठावर असलेल्या न्या. जी. डी. खोसला यांनी नंतर लिहून ठेवलं आहे की त्याचं बोलणं ऐकताना कोर्टात बसलेले लोक हेलावले होते आणि त्या दिवशी प्रेक्षकांनाच ज्यूरी केलं असतं तर त्यांनी त्याला निर्दोष ठरवलं असतं. हा उतारा नाटकाचे चाहते फार हौसेनं शेअर करतात. पण त्याच खोसलांनी कट सिद्ध झाल्याच्या निकालावर सही केली, हे शेअर होत नाही. कोर्टातली ती दुपार म्हणजे या नाटकाचा पहिला प्रयोगच म्हणायचा. फरक एवढाच की तिथं समोर उलटतपासणी झालेल्या साक्षींचे गठ्ठे होते. रंगमंचावर ते नाहीत.

स्वगत हा प्रकारच असा आहे की त्यात समोरच्याला मध्येच अडवता येत नाही. नथुराम प्रेक्षकांकडे पाहून बोलतो, आपण अंधारात बसून ऐकतो. ‘दहा जानेवारीला तू बडगेला पुण्याच्या ऑफिसात बोलावून काय मागितलंस?’ असं विचारणारं कोणी नाही. ‘तेरा आणि चौदा जानेवारीला विम्याच्या पॉलिसींवर आपटेच्या आणि गोपाळच्या बायकोची नावं का घातलीस?’ असंही नाही. ‘गोपाळनं डेपोत गावाकडच्या शेतीच्या कामाचं कारण सांगून रजा का मागितली?’ असं तर नाहीच नाही. मला या रजेच्या अर्जाचं फार अप्रूप वाटतं. एवढं मोठं राष्ट्रकार्य, आणि त्याला आधी साहेबाकडून कॅज्युअल लीव्ह मंजूर करून घ्यावी लागते. पहिला अर्ज नामंजूर होतो, मग दुसरा करावा लागतो. एखाद्या नाटककाराला एवढ्यावर एक अख्खा प्रवेश लिहिता आला असता. विनोदी, आणि म्हणूनच अंगावर येणारा. पण रजेचा अर्ज आला की हुतात्मा जातो.

पंचावन्न कोटींचंही तेच. नाटकातून आणि क्लिपांतून आपल्यापर्यंत आलेली गोष्ट अशी: गांधींनी उपोषण करून पाकिस्तानला पंचावन्न कोटी द्यायला लावले, म्हणून संताप, म्हणून गोळी. गांधींनी उपोषण जाहीर केलं १२ जानेवारीला, सुरू झालं १३ ला, सरकारनं पैसे द्यायचं ठरवलं १५ ला. बडगेच्या साक्षीनुसार शस्त्रांची मागणी १० जानेवारीची. ही तारखांची साधी बेरीज-वजाबाकी आहे. य. दि. फडके यांनी ‘नथुरामायण’मध्ये आणि जगन फडणीस यांनी ‘महात्म्याची अखेर’मध्ये हे सगळं मराठीत, सोप्या भाषेत मांडून ठेवलं आहे. पण पुस्तकाला तुतारी लावता येत नाही.

इथं एक सावधगिरी. गांधींवर त्याआधीही हल्ले झाले. २५ जून १९३४ ला पुण्यात त्यांच्यासाठी फेकलेला बॉम्ब दुसऱ्याच गाडीवर पडला आणि काही जण जखमी झाले. तेव्हा ना फाळणी होती ना पंचावन्न कोटी. गांधीवादी लेखक या बॉम्बपासून ३० जानेवारीपर्यंत सरळ रेघ ओढतात. मोह मलाही होतो. पण तो बॉम्ब टाकणारे कधी सापडले नाहीत. न सापडलेल्या माणसांना सापडलेल्या माणसांशी जोडणं म्हणजे स्टोननं केलं तेच आपणही करणं. त्या बॉम्बनं एवढंच कळतं की गांधींना मारावंसं वाटायला पंचावन्न कोटींची गरज नव्हती.

मग मराठी माणसाला हा ‘एकटा’ इतका का आवडला? फक्त नाटक चांगलं वठलं म्हणून नाही. याचं एक कारण ३१ जानेवारी १९४८ पासून पुढच्या दिवसांत आहे.

खुनी मराठी ब्राह्मण आहे हे कळताच पश्चिम महाराष्ट्रात घरं पेटली. सातारा, सांगली, कोल्हापूर, गावोगाव. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. मुंबईत सावरकरांच्या धाकट्या भावाला, डॉ. नारायणरावांना जमावानं मारलं. ते पुढच्याच वर्षी गेले. ज्यांचा ‘अग्रणी’शी, कटाशी, कशाशीच संबंध नव्हता अशी कुटुंबं अंगावरच्या कपड्यांनिशी पुण्या-मुंबईला आली. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘वावटळ’मध्ये हे येतं. बाकी मराठी साहित्यात याबद्दल मोठी शांतता आहे, आणि जाळणाऱ्यांच्या बाजूनं तर जवळपास काहीच लिहिलं गेलेलं नाही. खरं तर सगळ्यात मोठी, सगळ्यात घातक थिअरी त्या आठवड्यातच जन्मली: मूठभर माणसांच्या कटाचे आरोपी एका जातीतले सगळे.

ज्या घरात ही आठवण आहे, तिथं ‘तो एकटाच होता’ हे वाक्य ढालीसारखं वापरलं गेलं असणार. आमच्यातला एक वेडा निघाला, आमचा काय संबंध? हे मी समजू शकतो. पण ढालीचा पुतळा कधी झाला, हे कोणी पाहिलं नाही. एकदा ‘एकटा’ म्हटलं की त्याला वेडा म्हणायचं की वीर, एवढाच पर्याय उरतो. आणि पन्नास वर्षांत पहिल्याचं दुसरं झालं. ‘मूठभर’ हा खरा आकडा तेवढा कुणालाच सोयीचा नव्हता. जाळणाऱ्यांना ‘सगळे’ हवे होते, जळलेल्यांना ‘एक’ हवा होता.

सरकारलाही ‘एक’ परवडत होता, कारण बाकीच्यांकडे बोट दाखवलं की त्यांना वेळेत का पकडलं नाही, हा प्रश्न येतो. आता मी ज्याबद्दल सांगणार आहे ते कुठल्याही क्लिपपेक्षा थरारक आहे आणि सरकारी इंग्रजीत लिहिलेलं आहे. ऑक्टोबर १९६४ मध्ये गोपाळ गोडसे, करकरे आणि मदनलाल सुटले. पुण्यात त्यांच्यासाठी कार्यक्रम झाला. तिथं लोकमान्यांचे नातू, पत्रकार ग. वि. केतकर भाषणात सांगून गेले की नथुरामच्या मनात काय आहे ते आपल्याला आधीच ठाऊक होतं. गदारोळ झाला, संसदेत पोचला आणि त्यातून न्या. जीवनलाल कपूर यांचा आयोग आला. त्याचा अहवाल १९६९ सालचा. प्रश्न साधा होता: कोणाकोणाला आधी माहीत होतं आणि त्यांनी काय केलं?

रुईया कॉलेजातले प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांना मदनलालनं आधीच सांगितलं होतं. त्यांना ती पोकळ बढाई वाटली. वीस तारखेच्या स्फोटाची बातमी वाचल्यावर ते २१ ला मुंबईचे पंतप्रधान बाळासाहेब खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांना जाऊन भेटले. मोरारजींनी त्याच संध्याकाळी पोलीस उपायुक्त नगरवाला यांना करकरेला पकडायला सांगितलं. तिकडे दिल्लीत मदनलालच्या जबाबात पुण्याच्या एका वृत्तपत्राच्या संपादकाचा उल्लेख आला. मरीना हॉटेलातून, जिथं नथुराम आणि आपटे ‘देशपांडे’ बनून राहिले होते, धुवायला दिलेले कपडे हाती लागले, त्यांवर एन. व्ही. जी. अशी खूण. म्हणजे नाव, धंदा, गाव, कपड्यावरची अक्षरं, सगळं वेगवेगळ्या खिशांत होतं. ते एका टेबलावर आलं नाही. दिल्लीहून दोन अधिकारी विमानानं मुंबईला आले खरे, पण त्यांनी नेमकं काय सांगितलं आणि काय नाही, यावर दिल्ली आणि मुंबईचं आयोगासमोरही जमलं नाही.

नगरवालांची तर स्वतःची थिअरी होती. खुनाचा नव्हे, गांधींच्या अपहरणाचा कट आहे, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. पुन्हा वाचा. ज्यानं कट शोधायचा तोच पोलीस अधिकारी चुकीच्या कटामागे लागला होता. न्या. कपूर यांनी या अपहरणाच्या कल्पनेची पानंच्या पानं चिरफाड केली आहे.

आणि मग सत्तावीस जानेवारी. पुण्याच्या सीआयडीचे वरिष्ठ अधिकारी राणा त्या काळात दिल्लीत होते. मदनलालच्या पूर्ण जबाबाची प्रत घेऊन ते २५ ला निघाले. रेल्वेनं. तेही अलाहाबादवरून. २७ ला मुंबईत पोचले. त्याच दिवशी नथुराम आणि आपटे खोट्या नावांनी मुंबईहून विमानानं दिल्लीला गेले. तिथून ग्वाल्हेर, तिथून ते इटालियन बनावटीचं बेरेटा पिस्तूल, क्रमांक ६०६८२४. मग पुन्हा दिल्ली. खुनी विमानानं आणि त्यांचा पत्ता रेल्वेनं.

न्या. आत्माचरण यांनीही निकालात म्हटलं होतं की वीस तारखेनंतर पोलिसांनी थोडी तत्परता दाखवली असती तर ही घटना कदाचित टळली असती. यावरून काही जण म्हणतात, सरकारलाच गांधी नको झाले होते, मुद्दाम होऊ दिलं. ही दुसऱ्या बाजूची थिअरी, काँग्रेसविरोधकांची तशी काही गांधीप्रेमींचीही. मला ती पटत नाही. आपल्या सरकारी कचेऱ्यांत एक फाईल एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायला किती दिवस लागतात हे ज्यानं पाहिलंय, त्याला अलाहाबादमार्गे जाणाऱ्या जबाबात कारस्थान दिसणार नाही. ढिलाई दिसेल. ढिलाईत खलनायक नसतो, म्हणून तिच्यावर सिनेमा निघत नाही.

सावरकरांचा विषय टाळला तर वाचक म्हणतील घाबरला, म्हणून तेही. विशेष न्यायालयानं त्यांना सोडलं, कारण त्यांच्याविरुद्ध बडगे बोलला त्याला स्वतंत्र दुजोरा मिळाला नाही. सरकारनं त्यावर अपील केलं नाही. फेब्रुवारी १९६६ मध्ये सावरकर वारले. नंतर कपूर आयोगानं, न्यायालयासमोर न आलेल्या काही जबाबांसह सगळं पाहून, हा कट सावरकर आणि त्यांच्या गटाचा, याखेरीज दुसरी उपपत्ती टिकत नाही अशा अर्थाचं वाक्य लिहिलं. एक गट निकालाची प्रत नाचवतो, दुसरा गट आयोगाचं वाक्य. निर्दोष सुटका ही कायद्यातली गोष्ट आहे आणि तिला मान द्यायलाच हवा. आयोग हे न्यायालय नव्हे, आणि त्याच्यापुढे आपली बाजू मांडायला सावरकर हयात नव्हते. तरीही ते वाक्य कुणी व्हॉट्सअॅपवर रचलेलं नाही, सर्वोच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायमूर्तींनी लिहिलेलं आहे. ज्याला खरंच जाणून घ्यायचंय त्यानं दोन्ही वाचावं आणि अस्वस्थ राहावं. अस्वस्थ राहणं हे थिअरीवाल्याला जमत नाही.

आकड्याचा प्रवास अजून संपलेला नाही. मूठभर माणसांचे सगळे झाले, सगळ्यांचा एक झाला. अलीकडे तो एकही नाहीसा होऊ लागला. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात एक याचिका आली: गांधींना तीन नव्हे, चार गोळ्या लागल्या, चौथी दुसऱ्याच कुणाची, त्यामागे ब्रिटिशांचं ‘फोर्स १३६’ नावाचं गुप्त पथक असू शकतं. केनेडीच्या टेकाडावरचा दुसरा बंदूकवाला पन्नास वर्षांनी आमच्या बिर्ला भवनात अवतरला. न्यायालयानं ज्येष्ठ वकील अमरेंद्र शरण यांना मदतीला घेतलं. त्यांनी खटल्याची जुनी कागदपत्रं धुंडाळून सांगितलं की चौथ्या गोळीला काही आधार नाही. मार्च २०१८ मध्ये याचिका फेटाळली गेली.

मला यातली गोळी महत्त्वाची वाटत नाही. वाटतो तो तर्काचा नवा टप्पा. जे लोक काल म्हणत होते ‘त्यानं मारलं आणि बरोबर केलं’, त्यांच्यातलेच काही आज ‘त्यानं मारलंच नाही’ हेही फॉरवर्ड करतात, कधीकधी एकाच दिवशी. दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. पण दोन्हींतून एकच सुटका मिळते: आपल्या गावातल्या वृत्तपत्राचा, लॉजचा, दुकानाचा, वर्गणीदारांचा या खुनाशी काही संबंध होता, हे पाहायला लागत नाही.

आश्चर्य म्हणजे हे पाहिलं ते एका तमिळ माणसानं. कमल हासनच्या ‘हे राम’मध्ये (२०००) खुनाची इच्छा एका माणसाच्या डोक्यात उगवत नाही, ती पेरली जाते. साकेत राम हा पात्र म्हणून काल्पनिक, त्याला गाठणारा श्रीराम अभ्यंकर काल्पनिक, पैसा पुरवणारा संस्थानिकही काल्पनिक. पण दुःखात बुडालेल्या माणसाला कोण हेरतं, हातात काय वाचायला देतं, बंदूक कुठून येते, याचं त्या सिनेमाला भान आहे. अभ्यंकर साकारणाऱ्या अतुल कुलकर्णींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो उगाच नाही. त्यांचा अभ्यंकर मधाळ आहे, सुशिक्षित आहे, ओळखीचा वाटतो. आणि त्याच सिनेमात नथुराम दिसतो क्षणभर, गर्दीतला एक. ती भूमिका शरद पोंक्षेंचीच आहे. एकच नट, तोच माणूस. मराठी रंगमंचावर तो संपूर्ण नाटक व्यापतो, तमिळ सिनेमात त्याला त्याच्या मापाची जागा मिळते. सिनेमा निर्दोष नाही. फार लांबतो, आणि शेवटाकडे भावनेत वाहून जातो. तरी कटाला कट म्हणण्याचं काम त्यानं केलं.

मराठीत हे नाटक अजून लिहिलं जायचं आहे, आणि मला विचाराल तर ते शंकर किस्तय्याचं असेल. सोलापूरकडचा, तेलुगू बोलणारा, बडगेचा घरगडी. मालकानं सामान उचल म्हटलं, उचललं. दिल्लीला चल म्हटलं, गेला. पिस्तूल धर म्हटलं, धरलं. खटल्यात त्याच्यासाठी साक्षी तेलुगूत सांगाव्या लागत. मालक माफीचा साक्षीदार होऊन मोकळा झाला आणि नोकराला जन्मठेप लागली. खुद्द न्या. आत्माचरण यांनी त्याची शिक्षा सात वर्षांवर आणावी अशी शिफारस केली, आणि उच्च न्यायालयानं त्याला सोडून दिलं. ‘राष्ट्र’ आणि ‘धर्म’ हे शब्द ज्या खोलीत उच्चारले जात होते, तिथं दाराबाहेर चपलांपाशी बसलेला हा माणूस. तो काय बोलला असता?

कपूर आयोगाचा अहवाल इंटरनेटवर फुकट मिळतो. इंग्रजी जुनाट आहे, स्कॅन जागोजागी पुसट आहे, फोनवर वाचताना डोळे दुखतात. पहिल्या पानापासून सुरू करू नका, कंटाळून सोडाल. २० ते ३० जानेवारीचा भाग शोधा. नगरवालांच्या अपहरणाच्या कल्पनेवरचा मजकूर तिथंच आहे.